आजचं चिंतन : पानं खुडली, मुळाचं काय?



आज आपल्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ५९ वा श्लोक आला. अर्थ साधारण असा : इंद्रियांना त्यांचं खाद्य देणं बंद केलं की विषय माणसापासून लांब जातात, पण त्यांची गोडी मात्र आत शिल्लक राहते. ती गोडी सुटते ती त्याहून मोठं काहीतरी दिसल्यावरच. ज्ञानेश्वर माऊली इथे झाडाचा दृष्टांत देतात. वरची पालवी खुडत बसायचं आणि मुळाला पाणी घालत राहायचं, मग ते झाड मरणार कसं?

हा श्लोक मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला दारू सोडून चार महिने झाले होते. आज चौदा महिने झालेत. ही गोष्ट इथे मी आजवर कधी लिहिली नाही. लाज वाटत होती, दुसरं काय! रोज सकाळी हरिपाठावर लिहिणारा माणूस शुक्रवारी रात्री कुठे असायचा, हे कोणाला सांगणार?

एका शुक्रवारी रिलीज गेलं आणि आम्ही टीमचे सगळे बसलो. मी तिथेच मित्राच्या सोफ्यावर झोपलो. बायकोला तिसरा महिना होता. रात्री तिला त्रास सुरू झाला, तिनं मला अकरा वेळा फोन केला. शेवटी शेजारच्या काकू तिला रिक्षानं हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या. देवाच्या कृपेनं सगळं ठीक निघालं. मी सकाळी सव्वाआठला फोन बघितला. त्या दिवसापासून घेतली नाही.

पण पुढचे चार महिने फार वाईट गेले. दारू गेली होती आणि तिच्या जागी काहीच आलं नव्हतं. संध्याकाळी सात वाजले की हात कुठे ठेवायचे तेच कळेना. चिडचिड, रात्री दोनपर्यंत मोबाईल, फ्रिज उघडून गोड खात उभं राहणं. बायको एकदा शांतपणे म्हणाली की दारू घरातून गेली, पण मी काही अजून घरी आलेलो नाही. तेव्हा हा श्लोक समोर आला आणि मी चमकलो. पानं खुडली होती. मूळ जसंच्या तसं होतं.

त्याच दिवसांत नवीन कंपनीसाठी कागदपत्रं काढताना माझं डिग्रीचं सर्टिफिकेट हाती आलं. मी अमरावतीचा. सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव आहे, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. ज्या माणसाचं नाव माझ्या डिग्रीवर छापलंय त्याच्याबद्दल मला काय माहीत होतं? झाडू, स्वच्छता अभियान आणि शहरातलं गाडगेनगर, जिथून आमची रिक्षा जायची. एवढंच. मग मी त्यांची चरित्रं वाचायला घेतली, आणि पहिल्या काही पानांतच थांबलो. त्यांची गोष्ट सुरू होते ती दारूपासून.

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव आहे, तिथला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील झिंगराजी परीट, आई सखुबाई. त्या काळी देवाला बकरं कापायचं आणि दारूचा नैवेद्य दाखवायचा ही रीतच होती. बारसं असो, लग्न असो की मयत, पंगतीला दारू हवीच. नाही दिली तर जातभाई नाराज. त्यासाठी कर्ज काढायचं, ते फेडायला आणखी कर्ज. झिंगराजी या रितीतच पिऊ लागले आणि पुढे दारूनं त्यांचा ताबा घेतला. १८८४ साली ते वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता. चरित्रकार सांगतात की अखेरच्या दिवसांत झिंगराजींना फार पश्चात्ताप झाला आणि पोराला या सगळ्यापासून लांब ठेव, असं त्यांनी सखुबाईंना विनवलं.

आपण दारुड्या बापाबद्दल बोलतो तेव्हा बाप हा एक तर खलनायक असतो नाहीतर विनोद असतो. मला झिंगराजींचं तसं काही वाटलं नाही. मला ते ओळखीचे वाटले. सगळे घेतात म्हणून घेतली, नाही म्हटलं तर काय वाटेल म्हणून घेतली, आणि एक दिवस लक्षात आलं की आता नाही म्हणणारा आपल्यात कोणी उरलाच नाही. त्यांच्याकडे देवाचं निमित्त होतं, आमच्याकडे रिलीजचं.

विधवा सखुबाई डेबूला घेऊन भावाकडे गेल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. मामा चंद्रभानजी शेतकरी होते. डेबू तिथे गुरं राखू लागला. शाळा नाही. पण पोहणं, नांगर धरणं, रात्री पोरं गोळा करून भजन म्हणणं हे सगळं तो मनापासून करायचा. मला इथे एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाप दारूनं गेलेल्या मुलाच्या आत केवढी भीती असेल, केवढा राग असेल! त्याला समजून घेणारा समुपदेशक त्या काळात कुठला? पण त्याच्या दिवसाला काम होतं आणि रात्रीला भजन होतं. दोन्हीत माणसं होती. संध्याकाळ रिकामी नव्हती.

पुढे मामांवरही संकट आलं. सावकाराच्या कागदांवर अंगठे उठले होते, जमीन हातची जायची वेळ आली, आणि त्या खचण्यातून मामा सावरले नाहीत. जमीन बळकवायला सावकाराची माणसं आली तेव्हा तरुण डेबूजी शेतात ठाम उभा राहिला. कर्ज आणि अडाणीपणा घराचं काय करतात हे त्यानं दुसऱ्यांदा बघितलं. पुढे आयुष्यभर कीर्तनातून ते जे बोलले, कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावानं मुकी जनावरं मारू नका, पोरांना शिकवा, ते कुठल्या पुस्तकातून आलं नव्हतं. प्रत्येक वाक्याखाली त्यांच्या घरातलं एकेक माणूस होतं.

१८९२ साली डेबूजींचं लग्न झालं, कुंताबाईंशी. आणि मग ती घटना, जिच्यासाठी मी आज हे लिहायला बसलो. त्यांच्या मुलीचं बारसं होतं. जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण आणि दारू हवी. डेबूजींनी दोन्ही नाकारलं आणि आलेल्या लोकांना गोडाधोडाचं जेवण वाढलं. लोक चिडले, हे सांगायला नकोच. पण नीट बघा. दारू बंद, घरी जा, असं ते म्हणाले नाहीत. पंगत त्यांनी मोडली नाही. पानावरून एक गोष्ट काढली आणि त्या जागी दुसरी वाढली, तीही चांगली, पोटभर. बारसं बारसंच राहिलं.

मला वाटतं गाडगेबाबांच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या एका पंगतीत आहे. काढून घेतलेली जागा त्यांनी कधी रिकामी ठेवली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजींनी घर सोडलं. वयाची २९ वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. मागे आई, बायको, लेकरं. हे वाचताना मला आजही त्रास होतो आणि तो मी लपवणार नाही. घरात नसणं म्हणजे काय ते त्या शुक्रवारनंतर मला चांगलं कळलंय. कुंताबाईंनी काय सोसलं असेल, याचा हिशेब चरित्रांत फारसा सापडत नाही. संतांच्या गोष्टी सांगताना आपण ही बाजू पटकन ओलांडतो. मी एवढंच म्हणेन की आपल्याला त्यांचं घर सोडणं घ्यायचं नाहीये. त्यांनी घराबाहेर जे केलं ते आपल्याला घरात करता येतं का, हे बघायचंय.

बाहेर पडल्यावर त्यांचा वेश ठरून गेला. चिंध्यांचं ठिगळ लावलेलं अंगावर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचं फुटकं गाडगं. त्यातच खायचं, त्यातूनच पाणी प्यायचं. गाडगंवाला म्हणून लोक गाडगेबाबा म्हणू लागले. कोणी चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडेबुवा. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, गटारं साफ करायची, आणि केलेल्या कामाच्या बदल्यात मिळेल ती भाकर खायची. रात्री कीर्तन. गाव दिवसा खराट्यानं झाडायचं आणि रात्री माणसांची डोकी झाडायची, असं त्यांचं चाललं होतं.

त्यांच्या कीर्तनाची पद्धत मला इंजिनिअर म्हणून फार आवडली. उपदेशाचा डोस नाही. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न. समोरच्या लोकांना विचारत जायचं, विचारत जायचं. दारूत पैसा कोणाचा जातो, उपाशी कोण राहतं, कर्जाचं व्याज कोण फेडतं. उत्तर लोकांनीच द्यायचं. शेवटी लोक स्वतःच्या तोंडानं ते बोलायचे, जे ऐकायला ते एरवी तयार नसते. कोडमधला बग सिनिअरनं दाखवला की आपण तेवढी ओळ दुरुस्त करतो आणि विसरतो. तोच बग प्रश्न विचारून विचारून आपल्याकडून शोधून घेतला की जन्मभर लक्षात राहतो. आजचे समुपदेशकही व्यसनाशी झगडणाऱ्या माणसाशी बोलताना हेच करतात. बदलायचं कारण त्याच्याच तोंडून येऊ देतात, कारण बाहेरून लादलेलं कारण पहिल्या वाईट संध्याकाळी गळून पडतं.

दर वारीला ते पंढरपुरात असायचे. लोक देवळाच्या रांगेत, आणि हे झाडू घेऊन रस्त्यावर आणि चंद्रभागेच्या वाळवंटात. तिथेच त्यांना दिसलं की अस्पृश्य म्हणून ज्यांना लांब ठेवलंय त्या वारकऱ्यांना रात्री टेकायला जागा नाही. त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी केली. पुढे ती वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला घाट बांधला. नाशिक, आळंदी, देहू इथेही धर्मशाळा उभ्या राहिल्या. लाखो रुपयांची कामं झाली आणि स्वतःकडे शेवटपर्यंत गाडगं ते गाडगंच. आजही त्यांच्या नावाची मुंबईत दादरला धर्मशाळा आहे. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कॅन्सरवर उपचार घेणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे राहतात.

आणि दुःख? दुःख त्यांनाही चुकलं नाही. मुलगा गोविंदा तरुणपणीच गेला. कीर्तन चालू असताना ही बातमी त्यांच्यापर्यंत आली आणि त्यांनी कीर्तन पूर्ण केलं, असं चरित्रांत आहे. हे मी आधी वाचलं तेव्हा मला ते कठोर वाटलं होतं. आता वेगळं वाटतं. ज्याला दुःख पेलवत नाही त्याला ते कुठेतरी ओतावं लागतं. झिंगराजींकडे ओतायला पेला होता. त्यांच्या मुलाकडे कीर्तन होतं, समोर बसलेली शेकडो माणसं होती. दोघांच्याही छातीत दुःख होतंच, फक्त ओतायची जागा वेगळी.

१९५६ च्या ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीला आणत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ८०. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे तेच आमचं गाडगेनगर. ज्या वस्तीवरून मी इतकी वर्षं कानात हेडफोन घालून गेलो, तीच.

आता मूळ श्लोकाकडे येऊ. गोडी आत राहते, ती मोठं काही दिसल्यावर जाते. मी इंजिनिअर, मला वाटायचं हे मोठं काहीतरी म्हणजे समाधी, साक्षात्कार असलं काही असणार, आपल्या आवाक्याबाहेरचं. गाडगेबाबांच्या आयुष्यात ते रोजच्या खराट्यात होतं. समोरचा उपाशी माणूस, घाण रस्ता, झोपायला जागा नसलेली म्हातारी. त्यांना देव तिथे दिसला आणि मग दुसऱ्या कशाची गोडी राहायला जागाच उरली नाही. परमात्म्याचं दर्शन आपल्याला होईल तेव्हा होईल. पण संध्याकाळी सातला कोणाच्या तरी उपयोगी पडणं आजही जमू शकतं.

मी काय केलं ते सांगतो. फार मोठं नाही. दर शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे जी वेळ मला सगळ्यात अवघड जायची तीच, मी आमच्या भागातल्या एका रुग्णालयाबाहेर डबे वाटणाऱ्या मंडळींबरोबर जायला लागलो. पहिल्या दिवशी पोळ्या मोजता मोजता नऊ कधी वाजले ते कळलंच नाही. सकाळी अर्धा तास सोसायटीचा जिना झाडतो. आधी लोक बघायचे, आता नाही बघत. आणि अठरा दिवसांनी एकदा का होईना, जिथे दारू सोडलेली माणसं गोल करून बसतात तिथे जाऊन बसतो. तिथे पहिल्यांदा मोठ्यानं बोललो त्या अकरा फोनबद्दल. रडलो. बायकोची माफी मी आधी मागितली होती, पण ती घाईघाईत, विषय संपवण्यासाठी. त्यानंतर पुन्हा मागितली. यावेळी तिला काय वाटलं होतं ते पूर्ण ऐकलं, मध्ये न बोलता. पाऊण तास लागला. मुळाला हात घालणं म्हणतात ते हेच असावं.

मग मुलगी झाली. बारसं ठरलं तसे मित्रांचे मेसेज सुरू झाले, पार्टी कधी, बसायचं कधी. दारू सोडून तेव्हा सहा महिने झाले होते. पोटात गोळा आला. नाही म्हटलं तर मैत्री तुटेल, हो म्हटलं तर मी तुटेन. मला दापुऱ्याची ती पंगत आठवली. मी सगळ्यांना दुपारीच घरी बोलावलं, जेवायलाच. आईनं पुरणपोळी केली, सोबत कटाची आमटी, कोथिंबीर वडी, मठ्ठा. नाव ठेवलं, पाळणा झाला. आणि जेवण झाल्यावर मित्रांना मी सांगूनच टाकलं की मी पीत नाही, आणि का पीत नाही. दोघे जण गप्प झाले आणि लवकर निघाले. त्यांचे फोन आता येत नाहीत, याचं वाईट वाटतं. पण एक जण भांडी आवरेपर्यंत थांबला. जाताना जिन्यात त्यानं हळूच विचारलं की सोडायची असेल तर सुरुवात कशी करायची.

तुमच्यातही कोणी हाच प्रश्न मनात घेऊन हे वाचत असेल, तर एक व्यवहाराची गोष्ट. रोज भरपूर पिण्याची सवय असेल तर एकट्यानं, एका झटक्यात बंद करू नका. शरीराला दारूची सवय लागलेली असते. अचानक तोडल्यावर हातपाय थरथरणं, झटके येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं आणि ते जिवावरही बेतू शकतं. आधी डॉक्टरांना भेटा, सगळं खरं सांगा. पुण्यात मुक्तांगण आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा आपल्याकडे मराठीतूनही होतात. औषध घेणं म्हणजे नाम कमी पडलं असं नाही. आजाऱ्यांच्या निवाऱ्यासाठी गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा उभी आहे, हे विसरू नका.

आणि मधेच पाय घसरला तर? तर परत या. खराटा रोजच मारावा लागतो. काल झाडलेला रस्ता आज पुन्हा घाण होतोच, म्हणून बाबांनी कधी खराटा ठेवून दिला नाही.

आजचा संकल्प : दिवसातली तुमची सगळ्यात अवघड वेळ कुठली ती ओळखा. ती नुसती टाळू नका, त्या वेळेत एक काम ठेवा, जे दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगाचं असेल. पंधरा मिनिटांचं चालेल. सात दिवस करून बघा.

उद्या आपण पुढचा श्लोक घेऊ. मुलगी उठलीये, आज जिना झाडायला ती पण माझ्या कडेवर येणार आहे.

राम कृष्ण हरी.